'आय' की 'मी'? इंग्रजी सर्वनामाचं रूप असं निवडा

घोळ पहिल्याच शब्दापासून सुरू होतो. मराठीत 'मी' म्हणजे करणारा. इंग्रजीतला 'मी' मात्र आपला 'मला' आहे. आपल्या 'मी'साठी तिथे 'आय' आहे. हे एकदा पक्कं करा. 'आय, ही, शी, वी, दे' ही कर्त्याची रूपं, 'मी, हिम, हर, अस, देम' ही कर्माची. 'यू' आणि 'इट' बदलतच नाहीत.

मराठी विभक्ती बघून इंग्रजी रूप ठरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. 'मला भूक लागली' यात 'मला' आहे, पण इंग्रजीत होतं 'आय अ‍ॅम हंग्री'. 'त्याला ताप आहे' याचं 'ही हॅज अ फीव्हर'. आधी इंग्रजी वाक्य मनात जुळवा, त्यातलं क्रियापद शोधा आणि ते कोणाचं ते विचारा. ज्याचं क्रियापद, त्याला कर्त्याचं रूप. क्रिया ज्याच्यावर घडते, त्याला कर्माचं. 'टू, फॉर, विथ, बिट्वीन' यांच्यामागून येणाऱ्यालाही कर्माचंच.

खरी फसगत होते ती जोडीत. 'सर कॉल्ड राजू अँड...' इथे पुढे काय? राजूला क्षणभर बाजूला करा. 'सर कॉल्ड आय' लगेच खटकतं, 'सर कॉल्ड मी' बसतं. राजू परत आला तरी 'मी'च राहणार: 'सर कॉल्ड राजू अँड मी'. तसंच 'मी अँड राजू वेन्ट' मधून राजू काढला की 'मी वेन्ट' उरतं, म्हणून तिथे 'राजू अँड आय वेन्ट'. 'अँड आय' जास्त शुद्ध वाटतं, म्हणून 'बिट्वीन यू अँड आय' असं इंग्रजी मातृभाषा असलेलेही बोलून जातात. तुम्ही 'बिट्वीन यू अँड मी' लिहा.

'हू' की 'हूम' अडलं तर प्रश्नाचं उत्तर देऊन बघा. उत्तरात 'ही' आला तर 'हू', 'हिम' आला तर 'हूम'. शेवटचा 'म' जुळतो. बोलताना बहुतेक ठिकाणी 'हू' चालून जातो.

दाराबाहेरून 'इट्स मी' म्हणायला काहीच हरकत नाही. 'दॅन'पाशी मात्र थांबा. 'शी लाइक्स राजू मोर दॅन मी' म्हणजे तिला माझ्यापेक्षा राजू जास्त आवडतो. 'मोर दॅन आय डू' म्हणजे मला राजू जितका आवडतो, त्याहून तिला जास्त आवडतो.