अँबॅसिडरचं मागचं सस्पेन्शन घरी बसवताना

नागपुरात हे काम दिवाळी ते फेब्रुवारी याच दिवसांत काढा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की पाना हातात धरवत नाही आणि शेवटचे नट घाईत अर्धवट राहतात. पोर्च काँक्रीटचा असेल तर उत्तम. अंगणात काळी माती असेल, किंवा मातीवर नुसते पेव्हर ब्लॉक टाकलेले असतील, तर गाडीच्या वजनाने घोडीचे (उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडचे) पाय हळूहळू रुततात. तिथे खाली जाड फळी हवीच. घोड्या दोन, चांगल्या वजनाच्या. विटांचे थर लावून त्याखाली कोणी शिरू नये, विटा न सांगता फुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अँबॅसिडरचा हँडब्रेक मागच्या चाकांना आहे आणि इंजिनाची ओढही मागच्याच चाकांना. मागची बाजू उचलली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निकामी. गाडी फक्त पुढच्या दोन चाकांवर सुटी उभी असते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा, तेही जॅक लावायच्या आधी. घोड्या बॉडीच्या मजबूत भागाखाली घ्या, अ‍ॅक्सलखाली (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) नको. अ‍ॅक्सल ट्रॉली जॅकवर ठेवा, कारण कमानीवर (एकावर एक पाट्यांच्या लीफ स्प्रिंगवर) बसवताना तो बोटभर वर-खाली, मागे-पुढे करावाच लागतो.

कमान मारून (पाटे पुन्हा वाकवून) आणली असेल तर बसवण्याआधी फरशीवर तपासा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा, सेंटर बोल्टपासून (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टपासून) दोऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन्ही बाजूंच्या कमानींचं माप जुळलं पाहिजे, नाहीतर गाडी एका बाजूला झुकेल आणि सगळं पुन्हा खोलावं लागेल. नागपूरला लागून असलेल्या वाडीकडे ट्रकचा धंदा मोठा, त्यामुळे असं काम करणारे मिळतात, पण दोन्ही कमानी एकदमच द्या. पुढचं टोक कोणतं ते काढतानाच खडूने लिहून ठेवलेलं बरं.

सामानात यू-बोल्ट (कमान अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) आणि त्यांचे नट नवेच घ्या. जुने ताणलेले असतात, वरून कितीही स्वच्छ दिसोत. कमानीचे आणि शॅकलचे (कमानीचं मागचं टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) रबर बुश, म्हणजे पिनेवर चढणाऱ्या रबरी नळ्या, शॅकलच्या पिना, लॉक नट, शॉकअपचे (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे) बुश हे सगळं एका डब्यात जमल्याशिवाय सुरुवात करू नका. गाडीचं उत्पादन 2014 ला थांबलं, ऐन वेळी दुकानात जाऊन नेमका बुश मिळेल याचा भरवसा नाही. पिन घासलेली असेल तर हिंगणा एमआयडीसीत लेथवर नवी करून घेता येते. फक्त जुनी पिन नमुना म्हणून सोबत न्या.

पाने इंची मापाचे ठेवा. गाडीचं मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचं आहे. 9/16 इंच म्हणजे 14.29 मिमी, त्यावर 14 चा पाना चढत नाही आणि 15 चा नटाचे कोपरे खातो. सोबत टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळता येणारा), तारेचा ब्रश, आणि नट किती आवळायचे ते आकडे बघायला वर्कशॉप मॅन्युअल. रबर बुश सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. तेल-ग्रीसने रबर फुगतं.

ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) अ‍ॅक्सलचा भार क्षणभरही येऊ देऊ नका. लाइन उघडली असेल तर ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणा. अर्धी वापरलेली बाटली आपल्या पावसाळ्यात ओल धरते.

बसवताना आधी पुढचं टोक, मग शॅकल, मग अ‍ॅक्सल. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या पॅडमधल्या भोकात बसतं. इथे टॉर्च धरून बघाच. डोकं भोकाच्या काठावर अडकलं तरी यू-बोल्ट आवळले जातात, सगळं ठीक वाटतं, पण अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी सरळ चालत नाही. यू-बोल्टचे नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. शॉकअप लावण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा आणि दाबा, आतली हवा निघते.

कमानीच्या आणि शॅकलच्या पिना मात्र या वेळी नुसत्या हाताने लावून ठेवा. चाकांखाली जाड फळ्या सरकवून गाडी खाली घ्या, मागून चार-पाच वेळा दाबा, आणि पूर्ण वजन चाकांवर आल्यावरच त्या पक्क्या करा. अ‍ॅक्सल लटकत असताना पक्क्या केल्या तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, तसंच राहतं, आणि नवे बुश लवकर फाटतात. बहुतेक ठिकाणी काम इथेच बिघडतं.

पहिली फेरी रविवारी पहाटे सिव्हिल लाइन्सच्या मोकळ्या रस्त्यावर मारा, आधी ब्रेक तपासून. शे-दोनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने बघा. कमानीचे पाटे बसतात आणि नट थोडे सैल होतातच.