लेबल शेवटी वाचा: स्लॅबमधला चांदीचा रुपया विकत घेताना

जुन्या नाण्यांच्या बाजारात नवख्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'स्लॅबमधलं घे, डोळे झाकून घे'. स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनीनं नाणं तपासून, त्याला ग्रेडचा, म्हणजे दर्जाचा, आकडा देऊन ते ज्यात बंद केलेलं असतं ती प्लास्टिकची लेबल लावलेली डबी. मी वीस वर्षं ब्रिटिश इंडियाचे चांदीचे रुपये जमवतोय आणि या सल्ल्यापायी लोकांचे पैसे बुडताना पाहिलेत. चांगल्या कंपनीचा स्लॅब असेल तर नाणं अस्सल असल्याची बऱ्यापैकी खात्री मिळते. मागितलेली किंमत रास्त आहे की नाही, हे मात्र तुम्हालाच बघावं लागतं.

ग्रेडचा आकडा १ ते ७० असा का, हे आधी समजून घ्या. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही मोजपट्टी मांडली. पार झिजलेलं, जेमतेम ओळखू येणारं नाणं १, निर्दोष नाणं ७०, आणि किंमतही साधारण त्याच पटीत. म्हणजे हा आकडा मुळात भाव सांगण्यासाठीच जन्माला आला. पटीचा तो हिशोब पुढे मोडला, पण आकडा राहिला. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकी ग्रेडिंग कंपन्या सुरू झाल्या आणि नाणं आकड्यासकट प्लास्टिकमध्ये बंद होऊ लागलं. ६० आणि त्यावरची नाणी 'मिंट स्टेट' (एमएस), म्हणजे व्यवहारात न फिरलेली. तिथून वर भाव उड्या मारतात. ६२ आणि ६३ मध्ये फरक थोडा असतो, ६४ वरून ६५ वर जाताना मोठा. त्या एका आकड्यासाठी जादा पैसे मोजायचे तर तो आकडा नाण्यावर दिसला पाहिजे.

स्लॅबची गरज आहे का?

साधा, झिजलेला रुपया असेल तर नाही. ११.६६ ग्रॅम वजन आणि १९४० च्या आधीच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. अशा नाण्याचा भाव चांदीच्या भावाला धरून असतो, प्लास्टिकचे वेगळे पैसे देऊ नका. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया घेताय? मग स्लॅब हवाच, कारण तो दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला फिरतात.

शिवराई मात्र सुटीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. हातानं पाडलेलं तांब्याचं नाणं, ठसा कधी अर्धाच उमटलेला, दोन शिवराया एकसारख्या नसतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांची पट्टी तिला लावून हाती काही लागत नाही.

नंबर तपासा

लेबलवरचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे फोटो असेल तर ओरखडा न् ओरखडा जुळवा. नकली स्लॅब बनवणारे खरेच नंबर उचलतात, त्यामुळे नुसता नंबर सापडला म्हणून भागत नाही.

'डिटेल्स' आणि 'रीस्ट्राइक'

हे दोन शब्द लेबलवर शोधा. 'डिटेल्स' म्हणजे नाणं अस्सल, पण बिघडवलेलं: धुतलेलं, खरवडलेलं, किंवा दागिन्यातून काढलेलं. आपल्याकडे रुपयांना कडी लावून माळा केल्या जात, त्यामुळे कडेवर डाखाची खूण सापडते. 'रीस्ट्राइक' म्हणजे टांकसाळीनं संग्राहकांसाठी नंतर पुन्हा पाडलेलं नाणं. व्हिक्टोरियाच्या प्रूफ, म्हणजे चलनासाठी नव्हे तर खास काळजीनं पाडलेल्या, नाण्यांत अशी बरीच आहेत, आणि मूळ प्रूफचा भाव त्यांना द्यायचा नसतो.

आता नाणं बघा

इथे घाई करू नका. मी इथेच फसलो होतो.

सुरुवातीच्या वर्षांत एका प्रदर्शनात मी १९३८ चा रुपया सुटा घेतला. पांढराशुभ्र, राजाच्या मुकुटाची नक्षी धारदार. न फिरलेल्या नाण्याचा पूर्ण भाव दिला आणि एका एजंटामार्फत ग्रेडिंगला पाठवला. काही महिन्यांनी परत आला तो 'यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड', म्हणजे न फिरलेलं पण धुतलेलं-पुसलेलं, असा शेरा घेऊन. नाण्याचा भाव कोसळला, ग्रेडिंगची फी गेली ती वेगळीच. मग भिंग घेऊन बसलो. राजाच्या नाकासमोरच्या मोकळ्या जागेत केसाहून बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेनं तिरक्या. कुणीतरी कपड्यानं पुसला होता. प्रदर्शनातल्या ट्यूबलाइटखाली त्यातली एकही दिसली नव्हती.

तेव्हापासून मी एकच पद्धत वापरतो. खोलीतले दिवे बंद करायचे, एकच बल्ब ठेवायचा आणि नाणं त्याच्याखाली हळूहळू कलतं करायचं. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा राहतात. त्यांच्यामुळे न फिरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. हेच लस्टर. धुतलेलं नाणंही चमकतं, पण त्याची चमक एका जागी बसून राहते. भांडं घासल्यावर चमकतं तशी ती चमक. पट्टे फिरत नसतील तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, मी नाणं परत ठेवतो.

पट्टे फिरले, की उंचवटे बघा: गाल, भुवई, कानावरचे केस. फिरणारा पट्टा गालावर येऊन तुटतो आणि तिथे राखाडी, मंद डाग दिसतो का? दिसला तर ती झीज. नक्षी पुसट असूनही पट्टा तिच्यावरून अखंड जात असेल तर ठसाच हलका पडलेला आहे, नाणं फिरलेलं नाही. हा फरक कळायला मला तीन-चार वर्षं लागली. फोटोवरून तो कळत नाही, म्हणून विक्रेत्याकडून नाणं कलतं करत काढलेला व्हिडिओ मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा.

ओरखडा नाण्यावर आहे की प्लास्टिकवर, हेही पाहून घ्या. भिंग थोडं वर-खाली केलं की कळतं: प्लास्टिकवरची रेघ स्पष्ट होते तेव्हा नाणं धूसर होतं.

एवढं झाल्यावर मनात स्वतःचा आकडा ठरवा आणि मगच लेबलवरचा आकडा वाचा. दोन्हींत फार अंतर पडलं तर घेऊ नका. आणि एक आग्रहाचं सांगणं: एयू-५८ ला, म्हणजे मिंट स्टेटच्या एकच पायरी खालच्या नाण्याला, कमी लेखू नका. पिशव्यांतून ने-आण होताना गालावर खड्डे पडलेलं एमएस-६१ नाणं चलनात फिरलेलं नसलं तरी बघवत नाही. जेमतेम हाताळलेलं, लस्टर जवळजवळ शाबूत असलेलं ५८ त्याहून कितीतरी देखणं असतं आणि सहसा स्वस्तही.

भाव ठरवताना

मागितलेल्या किमती बघू नका, लिलावात त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच ग्रेडचं नाणं कितीला गेलं ते बघा. पाचव्या जॉर्जच्या रुपयात मागच्या बाजूला तळाच्या फुलाखाली टिंब असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता.

'या ग्रेडमध्ये जगात फक्त दोन' हे वाक्य ऐकून खिशात हात घालू नका. याचा अर्थ त्या कंपनीकडे आलेल्या नाण्यांपैकी दोनच, एवढाच. आपले रुपये लाखांनी पाडले गेले, ग्रेडिंगला गेले ते मूठभर. उद्या कुणाच्या तिजोरीतून जुनी थैली निघाली की दोनाचे वीस होतात आणि तुम्ही दिलेला जादा भाव उरत नाही. शिवाय वरच्या ग्रेडच्या आशेनं लोक स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, त्यामुळे एकच नाणं दोनदा मोजलं जातं.

पाठवण्याआधी साल बघा

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं, आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ग्रेडिंग करून परत येणार असलं तरी बाहेर पाठवणं ते पाठवणंच. 'पार्सलमधून जातं, कुणी बघत नाही' असं सांगणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

राहिले घरच्या डब्यातले रुपये. ते बहुतेक दरवर्षी लक्ष्मीपूजनाला रांगोळीनं किंवा चिंचेनं घासलेले असतात, अक्षरांच्या खाचांत कुंकू बसलेलं असतं. त्यांना ग्रेडिंगला पाठवलं तर 'डिटेल्स' हाच शेरा मिळेल. पूजेसाठी आधीच झिजलेला एक रुपया वेगळा काढा. बाकीचे घासू नका, कडेनं धरून उचला आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून बाहेर काढा. त्या पाकिटातला हिरवा चिकट थर नाण्यावर चढतो आणि धातू खातो.