नागपुरातून ओटी सिक्युरिटीत येताय? आधी स्कॅनर खाली ठेवा

ओटी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारी कम्प्युटर यंत्रणा. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिच्या सुरक्षा तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी मी पॅकिंग लाइन बंद पाडली. कॉलेजात शिकलो होतो तसा एनमॅप (नेटवर्कवर काय काय जोडलंय ते शोधणारा स्कॅनर) चालवला. ऑफिसच्या कम्प्युटरांना काही झालं नाही. लाइनवरचा जुना पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) मात्र लटकला, लाल दिवा लागला, पट्टा थांबला. शिफ्टचे फोरमनकाका धावत आले. "काय करून रायला बे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आयटीत पहिली चिंता माहिती फुटण्याची. प्लांटमध्ये आधी माणूस, मग मशीन चालू राहणं, माहिती त्यानंतर. पीएलसी एकदा बसवला की पंधरा-वीस वर्षं हलत नाही, आणि शटडाऊन मिळेपर्यंत पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) टाकू देत नाहीत. त्यात मॉडबस, म्हणजे पीएलसीशी बोलायची नेटवर्कवरची भाषा, 1979 सालची. तिच्या मूळ रचनेत पासवर्डच नाही. नेटवर्कवर पोचलेल्या कुणीही फंक्शन कोड 5 पाठवावा, पीएलसी मुकाट्याने कॉइल (आउटपुटचा स्विच) चालू किंवा बंद करतो. हे घरी लॅपटॉपवर ओपनपीएलसी (सॉफ्टवेअरमधला पीएलसी) टाकून, वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं साधन) एकेक बाइट बघून करा. माझं अर्धं शिक्षण तिथे झालं. खऱ्या प्लांटमध्ये मात्र नेटवर्क स्विचवर मिरर पोर्ट (वाहतुकीची प्रत देणारा) मागून घ्यायचा आणि नुसतं ऐकायचं.

मुलाखतीत स्टक्सनेट विचारतातच (इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात घुसलेला घातक प्रोग्राम, 2010 मध्ये उघड झालेला; सेंट्रिफ्यूज बिघडत असताना पडद्यावर सगळं आलबेल). पण मला विचाराल तर युक्रेनच्या वीजपुरवठ्यावरचा हल्ला नीट वाचा. 23 डिसेंबर 2015 ला तिथल्या ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत माऊसचा बाण आपोआप फिरला आणि ब्रेकर उघडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. शिरकाव काही महिने आधीच झाला होता, ईमेलमधल्या साध्या ऑफिस फाइलीतून. वीज काही तासांत परत आली ती माणसं सबस्टेशनला गेली आणि हाताने ब्रेकर लावले म्हणून. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या सावलीत वाढलेल्या पोरांना यातलं गांभीर्य वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे 2019 मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रात मालवेअर सापडलं, ते प्रशासकीय कामाच्या इंटरनेट जोडलेल्या कम्प्युटरवर. प्लांटचं नेटवर्क वेगळं होतं. ही भिंत कुठे आहे आणि वेंडरच्या रिमोट कनेक्शनने तिला कुठे भोक पाडलंय, हे शोधणं हीच बहुतेक वेळा आपली नोकरी.

अंबाझरीच्या आयुध निर्माणीमुळे संरक्षणाचं काम नागपूरला नवं नाही. पण शत्रूने मोठ्या दारावरच धडका का द्याव्यात? सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपात ड्रॉइंग साध्या मेलवर येतं, सीएनसी मशीनला पेन ड्राइव्हने जातं, आणि तोच पेन ड्राइव्ह संध्याकाळी मालकाच्या घरी. अशा ठिकाणी महागडं सॉफ्टवेअर विकू नका, पेन ड्राइव्हच्या नोंदींची वही सुरू करून द्या.

कायद्यातलं दोनच सांगतो: महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांसाठी 2014 पासून एनसीआयआयपीसी ही केंद्र सरकारची संस्था आहे, आणि 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणारी सरकारी संस्था) सहा तासांत कळवाव्या लागतात. आयईसी 62443 हे ओटी सुरक्षेचं मानक सावकाश वाचा, कंटाळवाणं आहे. इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमावाल्यांनी कम्प्युटरवाल्यांपुढे बिचकू नये. लॅडर लॉजिक (पीएलसीची प्रोग्राम लिहायची भाषा) वाचता येणारा माणूस नेटवर्किंग सहा महिन्यांत उचलतो, उलटं मी फार कमी वेळा पाहिलंय.

आता मी नव्या ठिकाणी पहिला दिवस लॅपटॉप उघडत नाही, शिफ्टबरोबर फिरतो. हिंगण्याच्या काकांनी मात्र पुढचे दोन आठवडे मला पॅनेल रूममध्ये एकट्याला सोडलं नाही. चहासुद्धा तिथेच मागवायचे.