पत्रकारितेचा मल्टिमीडिया प्रकल्प ऑनलाइन कसा सादर करावा

काही वर्षांपूर्वी आमच्या पत्रकारितेच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर सात मिनिटांचा माहितीपट केला होता. त्यासाठी ती तीन वेळा फडावर जाऊन आली होती, पहाटेच्या अंधारात कोयते घेऊन निघालेल्या बायकांशी बोलली होती, आणि मुदत संपायच्या दोन तास आधी तिने फाइल जमाही केली होती. तपासायला बसल्यावर मी ती उघडली, तर पडद्यावर एकच लाल पाटी आली: ‘मीडिया ऑफलाइन’. तिने पाठवली होती ती संकलनाच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल, म्हणजे कोणता तुकडा कुठे जोडायचा याची निव्वळ नोंद. त्या बायकांचे चेहरे आणि आवाज वसतिगृहातल्या तिच्या लॅपटॉपवरच राहिले होते. दोन दिवसांनी माहितीपट हाती आला आणि तो उत्तम होता, पण नियमाप्रमाणे त्याची नोंद उशिरा आलेल्या कामांत झाली, याची रुखरुख मला आजही आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांगते की, फाइल आपल्याकडून गेली म्हणजे प्रकल्प सादर झाला असे होत नाही. ती तपासणाऱ्याच्या यंत्रावर, त्याच्या खात्यातून, आवाजासह आणि शुद्ध अक्षरांसह उघडली पाहिजे. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीसाठी आहे. बहुतेक महाविद्यालयांत गुगल क्लासरूम, गुगल ड्राइव्ह आणि यूट्यूब यांचाच वापर होत असल्याने उदाहरणेही तिथलीच घेतली आहेत.

आधी फाइल पक्की करा

संकलन पूर्ण झाल्यावर प्रकल्प एक्स्पोर्ट करून त्याची एकसंध व्हिडिओ फाइल तयार करावी लागते. प्रीमिअर प्रो, डाव्हिंची रिझॉल्व्ह किंवा मोबाइलवरचे ॲप यांपैकी काहीही वापरले असले, तरी एमपीफोर स्वरूप आणि एच डॉट २६४ हे कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) निवडावे, कारण जवळपास प्रत्येक संगणकावर आणि मोबाइलवर ते चालते. काही मोबाइल त्यांच्या मूळ चित्रणासाठी नवे एचईव्हीसी कोडेक वापरतात. जुन्या संगणकावर अशा फाइलचा कधी फक्त आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, म्हणून तेही चित्रण एच डॉट २६४ मध्ये बदलून घ्यावे. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर हे काम चांगले करते.

फाइल केवढी होईल याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. १०८० पी दर्जाच्या व्हिडिओसाठी सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट एवढा बिटरेट (दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण) पुरेसा असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे सेकंदाला १ मेगाबाइट, मिनिटाला ६० आणि पाच मिनिटांच्या बातमीपटाला सुमारे ३०० मेगाबाइट होतात. अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तर ही फाइल चढायला २० मिनिटे लागतील. मुदतीच्या रात्री वसतिगृहातील सगळेच एकाच वायफायवर अपलोड करू लागतात, वेग अर्ध्या मेगाबिटवर येतो, आणि त्याच फाइलला ८० मिनिटे लागतात. रात्री अकराला सुरू केलेले काम बारा वाजता अपुरेच राहते, ते या साध्या गणितामुळे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी फाइल चढवावी.

ध्वनिकथा किंवा पॉडकास्ट असेल तर मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात जपावे, मात्र सादर करण्यासाठी एमपीथ्री पुरते. वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते, तर १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्री जेमतेम १. पाठवण्यापूर्वी हेडफोन लावून दोन्ही कानांनी ऐकावे. कॉलर माइकचा आवाज पुष्कळदा एकाच बाजूला मुद्रित झालेला असतो आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर ते कळतच नाही.

मराठी अक्षरांची वेगळी काळजी

हा भाग मराठी विद्यार्थ्यांनी विशेष मन लावून करावा, कारण सॉफ्टवेअरची इंग्रजीतली मार्गदर्शने याविषयी सहसा काही सांगत नाहीत. संकलनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मजकूर टाकला की जोडाक्षरे सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि रफार भलत्याच अक्षरावर चढतो. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द मी चाचणीसाठी वापरते: त्यात अर्धा र आहे, अनुस्वार आहे, जोडाक्षर आहे, तो पडद्यावर नीट उमटला तर बाकीचे बहुतेक शब्द उमटतात. प्रीमिअर प्रोमध्ये पसंतीच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडता येतो, तो निवडावा. संपादनाच्या पडद्यावर बरोबर दिसलेले अक्षर तयार फाइलमध्येही बरोबर आहे का, हे मात्र एक्स्पोर्ट झाल्यावर पुन्हा पाहावेच लागते.

संहिता, मुलाखतींचे लेखन आणि उपशीर्षके युनिकोडमध्येच (कोणत्याही संगणकावर तीच अक्षरे दाखवणाऱ्या प्रमाण पद्धतीत) असावीत. अनेक वृत्तपत्रांच्या कार्यालयांत श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट वर्षानुवर्षे वापरात होते, त्यामुळे प्रशिक्षणाला गेलेले विद्यार्थी कधी तिथलीच फाइल घेऊन येतात. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. संहिता युनिकोडमध्ये लिहून पीडीएफ करून पाठवावी. उपशीर्षकांची एसआरटी फाइल (वेळेसह उपशीर्षके असलेली साधी मजकूर फाइल) जतन करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ ठेवावे, नाहीतर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरतात.

फाइलचे नाव मात्र रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागा न सोडता द्यावे: आधी हजेरी क्रमांक, मग आडनाव, मग विषयाचा एक शब्द, मग आवृत्तीचा आकडा, आणि मध्ये अधोरेषा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशा तीन फाइली आल्या की कोणती तपासायची हे मला ठरवता येत नाही, आणि ते मी ठरवूही नये.

लिंक कोणाला उघडते?

सर्वाधिक प्रकल्प अडतात ते इथे. ई-मेलला जोडून व्हिडिओ पाठवता येत नाही, कारण जीमेलची मर्यादा २५ मेगाबाइट आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन धूसर होतो. अगदी नाइलाज असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, पण मूल्यमापनाच्या कामाची नोंद व्हॉट्सॲपवर ठेवू नये असे माझे ठाम मत आहे.

गुगल क्लासरूममध्ये असाइनमेंटच्या पानावरूनच फाइल जोडली, तर शिक्षकाला ती पाहण्याची परवानगी आपोआप मिळते. ड्राइव्हवरच्या फाइलची नुसती लिंक चिकटवली, तर परवानगी तुम्हालाच द्यावी लागते. ड्राइव्हवर चढवलेली फाइल मुळात ‘मर्यादित’ असते. शेअरच्या खिडकीत ती ‘लिंक असलेले कोणीही’ अशी करून भूमिका ‘दर्शक’ ठेवावी. महाविद्यालयाच्या खात्यात तिसरा पर्याय दिसतो, फक्त आपल्या संस्थेतील व्यक्तींसाठी. तो सुरक्षित वाटतो, पण बाहेरून आलेल्या परीक्षकाला त्या लिंकवर परवानगीची मागणी करणारे पानच दिसते आणि ऐन तोंडी परीक्षेत घोडे अडते.

लिंक तपासण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडावी, तिथे कोणत्याही खात्यात प्रवेश करू नये, लिंक चिकटवावी आणि व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. स्वतःच्या खात्यातून ती फाइल नेहमीच उघडते, त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालते’ या वाक्याचा इथे काही उपयोग नसतो. शक्य असेल तर एखाद्या मित्राच्या साध्या मोबाइलवरही पाहून घ्यावे.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा असेल तर ‘अनलिस्टेड’ हा पर्याय निवडावा. ‘प्रायव्हेट’ ठेवला तर तुम्ही ज्यांचे ई-मेल पत्ते नोंदवले त्यांनाच तो दिसतो. खात्याची मोबाइलद्वारे पडताळणी झालेली नसेल तर १५ मिनिटांहून लांब व्हिडिओ चढत नाही. अपलोड संपल्यावर काही काळ व्हिडिओ फक्त कमी दर्जात दिसतो, उच्च दर्जा नंतर येतो, त्यासाठीही अवधी हवा. पार्श्वसंगीत चित्रपटातले असेल तर यूट्यूबची स्वयंचलित तपासणी ते ओळखते आणि आवाज किंवा अख्खा व्हिडिओ अडवू शकते. परवाना स्पष्ट असलेले संगीत घ्यावे, आणि फडावरचा, बाजारातला, एसटी स्थानकातला खरा आवाज टिपला असेल तर संगीताची गरज बहुधा पडतच नाही.

चूक सापडली तर? यूट्यूबवर त्याच लिंकखाली व्हिडिओ बदलता येत नाही, नव्याने चढवला की लिंकही नवी होते. ड्राइव्हवर मात्र ‘आवृत्त्या व्यवस्थापित करा’ या सोयीने जुनी लिंक कायम ठेवून नवी फाइल टाकता येते. हे मुदतीच्या आतच करावे.

नाव, चेहरा आणि गाव

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ पाहावे. विद्यार्थी चेहरा धूसर करतात, आवाजही बदलतात, आणि मग फाइलच्या नावातच त्या मुलीचे आडनाव लिहितात, किंवा वर्णनाच्या चौकटीत गावाचा नि शाळेचा उल्लेख करतात. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. म्हणून फाइलचे नाव, थंबनेल, वर्णन, उपशीर्षके आणि सोबतची संहिता ही पाचही ठिकाणे स्वतंत्रपणे डोळ्यांखालून घालावीत. मूळ, न झाकलेले चित्रण त्याच फोल्डरमध्ये ठेवून अख्ख्या फोल्डरची लिंक देऊ नये. मोबाइलने काढलेल्या मूळ छायाचित्रांत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात, तेही काढून टाकावेत.

मुलाखत देणाऱ्याने संमती कशासाठी दिली होती, हेही आठवावे. ‘कॉलेजच्या अभ्यासासाठी आहे, ताई’ असे सांगून घेतलेली मुलाखत सर्वांसाठी खुल्या चॅनेलवर टाकायची तर त्या ताईंना पुन्हा फोन करून विचारणे आवश्यक आहे.

शेवटचे बटण

प्रकल्पासोबत एका पानाचे निवेदन जोडावे. त्यात शीर्षक, चित्रणाची ठिकाणे आणि तारखा, गटातील कोणी काय केले, संगीत व दुसऱ्यांची छायाचित्रे कुठून घेतली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असल्यास नेमके कोणत्या कामासाठी, हे लिहावे. गटाचा प्रकल्प एकाने चढवला तरी क्लासरूममध्ये प्रत्येकाची नोंद वेगळी असते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या पानावर लिंक जोडून सादर करावे. फाइल नुसती जोडून ठेवणे पुरेसे नाही. ‘टर्न इन’ किंवा ‘हँड इन’ हे बटण दाबून पुन्हा खात्री केल्यावरच काम सादर होते. त्यानंतर पानाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. मुदत उलटल्यावर किरकोळ दुरुस्तीसाठी काम मागे घेऊन पुन्हा सादर केले, तर आधी वेळेत दिलेले असूनही ते उशिराचे ठरते. अशा वेळी आधी शिक्षकांशी बोलावे.

गुण जाहीर होईपर्यंत मूळ चित्रण, प्रोजेक्ट फाइल आणि तयार फाइल यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. गुगलच्या वैयक्तिक खात्यातील १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते व ती लवकर भरते. महाविद्यालयाने दिलेले खाते शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकते, आणि त्याच्याबरोबर त्यातले व्हिडिओही जातात. म्हणून शेवटच्या सत्राचा निकाल लागण्याआधीच सगळे काम उतरवून घ्यावे.