मन थाऱ्यावर नसताना कौल लावायचा असेल तर

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याकडची माणसं अडचणीत आली की देवाला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या किंवा पानांचे तुकडे चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्यांचा प्रश्न मोठ्याने देवापुढे मांडतो, आणि कुठली पाकळी पडते याची सगळे वाट पाहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गोव्यात याला प्रसाद घेणं म्हणतात. काही देवळांत पाकळ्यांऐवजी तांदळाचे दाणे मोजून सम-विषम पाहतात. विधी अर्ध्या तासाचा असतो. चूक होते ती प्रश्न मांडताना आणि घरी परतल्यावर, आणि खचलेल्या माणसाच्या हातून ती हमखास होते.

कौल कशासाठी लावावा, हे गावाकडे पाहून समजतं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, ती देवीच्या कौलाने ठरते. आचऱ्याची गावपळणही रामेश्वराचा कौल मिळाल्यावरच होते आणि अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. दोन्हीकडे प्रश्न ‘कधी’ किंवा ‘करू का’ एवढाच असतो आणि उत्तर काहीही आलं तरी गाव ते निभावून नेतं. घरचा प्रश्नही याच मापाचा हवा. होकार आला तरी पुढे चालता आलं पाहिजे, नकार आला तरीही. एखादं उत्तर आपल्याला सोसणारच नाही असं वाटत असेल, तर तो प्रश्न देवळात नेऊ नका. गाठ तपासून घेऊ का, इन्सुलिन बंद करू का, मानसोपचाराच्या गोळ्या थांबवू का, हे प्रश्न डॉक्टरांकडेच न्यायचे. तिथे पाकळीवर विसंबून गेलेले महिने परत मिळत नाहीत.

वेळेबद्दल परंपरेनेच एक चांगली सोय केलेली आहे. सुतकात देवळात जात नाहीत, म्हणजे घरात मृत्यू झाल्यावर निदान दहा-बारा दिवस कौल लागत नाही. तीच मुदत इतर धक्क्यांनाही लावावी. लग्न मोडलं, नोकरी गेली, निकाल वाईट लागला, तर पहिले दहा दिवस काहीच विचारू नये. त्या दिवसांत जेवण आणि झोप सांभाळायची आणि रोज एका तरी माणसाशी बोलायचं. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, कशात मन लागत नसेल, भूक गेली असेल, तर कौलाआधी डॉक्टर गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच 14416 फिरवा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. ‘देव काय म्हणतो ते बघू, मग फोन करू’ असं इथे चालत नाही.

आता प्रश्न. निम्मं काम इथेच आहे, म्हणून तो घरीच कागदावर लिहावा. एक वाक्य, एक क्रिया, एक मुदत. ‘माझं कधी सुटणार?’ याला पाकळी उत्तर देऊ शकत नाही. ‘ही नोकरी शिमग्याआधी सोडू का?’ याला देऊ शकते. ‘लग्न करून मुंबईला राहू का?’ यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. होकार आला तर तो लग्नाला की मुंबईला, यावरून घरात वाद होतात. नकारार्थी वाक्य टाळा. ‘जमीन विकू नको ना?’ असं विचारून उजवी पडली की प्रत्येक जण आपल्याला हवा तसा अर्थ लावतो. प्रश्न आपल्या स्वतःच्या कृतीचा असावा. ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे का?’ हा दुसऱ्याच्या मनाचा प्रश्न झाला. त्याऐवजी ‘या महिन्यात त्याच्याशी समोरासमोर बोलू का?’ असं विचारता येतं.

लिहून झालं की खाली दोन ओळी जोडा: उजवी पडली तर मी काय करीन, डावी पडली तर काय करीन. यातली एक ओळ लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून तयार नाही. चार दिवस थांबा.

देवळात आधी फोन करून वेळ विचारा. बरेच ठिकाणी सकाळच्या पूजेनंतर कौल लावतात आणि काही ठिकाणी ठरावीक वारी लावतच नाहीत. नारळ, विडा, फुलं आणि दक्षिणा किती, तेही विचारून ठेवा. दक्षिणेचा आकडा आधी कळला की ऐन वेळी भावनेच्या भरात पाकीट रिकामं होत नाही. सोबत एक शांत माणूस न्या, ज्याचा या प्रश्नात काही हितसंबंध नाही असा. उजवी देवाची धरायची की बघणाऱ्याची, हे पाकळ्या लावण्याआधी गुरवाकडून स्पष्ट करून घ्या. सहसा देवाची धरतात.

गुरव तुमचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत गाऱ्हाण्यात घालतो आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तिथे प्रश्न हळूच बदलतो. तुम्ही नोकरीबद्दल विचारलेलं असतं आणि गाऱ्हाण्यात ‘ह्या लेकराच्या वाटेत काय आडवा इला हा’ असं येतं. म्हणून कागद त्यांच्या हाती द्या आणि वाक्य जसंच्या तसं म्हणायची विनंती करा. समजूतदार गुरव रागावत नाही. खचलेल्या माणसाला धीर देणारे असे गुरव कोकणात पुष्कळ आहेत.

ओली पाकळी पाण्याच्या पातळ थराने चिकटून राहते. ती सुकली, थेंब ओघळला किंवा वारा लागला की सुटते. त्यामुळे जवळचा पंखा बंद करायला सांगा. बराच वेळ काहीच पडलं नाही तर उत्तर नाही, असं समजून परत या. पुन्हा पाणी शिंपडून पाडून घेऊ नका. तोच प्रश्न पुन्हा लावणंही तितकंच वाईट. होकार-नकाराची शक्यता सारखी धरली, तर तीन वेळा विचारणाऱ्या आठ जणांपैकी सात जणांना एकदा तरी उजवी मिळतेच. मग तो कौल राहत नाही, आपला हट्ट उरतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते कौलांच्या साखळीला. ‘घरचं की बाहेरचं?’, ‘पुरुष की बाई?’, ‘देणं राहिलंय की कोणी केलंय?’ असे पाच प्रश्न ओळीने लावले की बत्तीस शेवट तयार होतात आणि त्यातला एक कुणाच्या तरी दारात जाऊन थांबतो. बहुतेकदा ती भावजय असते, विधवा चुलती असते किंवा मूल नसलेली सून. अमुकाने करणी केली असं जाहीर करणं आणि त्यावरून त्या माणसाला छळणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. साखळी सुरू झाली की ‘आमचा एकच प्रश्न होता’ असं म्हणून हात जोडा आणि उठा. तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणी कौल लावून आणला असेल, तर तो पाळायचं बंधन तुमच्यावर नाही.

घरी आल्यावर त्याच कागदावर तारीख आणि उत्तर लिहा. त्या दिवशी कृती करू नका. राजीनामा, घटस्फोट, जमिनीचा व्यवहार, कर्ज यांसाठी निदान महिना जाऊ द्या आणि मधल्या काळात वकील किंवा बँकेतला जाणकार गाठा. कौल उजवा असला तरी कागदपत्रं तपासावी लागतातच. डावा आला म्हणून लगेच नवस बोलू नका. बोलायचाच असेल तर मोजून बोला: पाच नारळ, एक वेळ, याच वर्षी. ‘दर वर्षी’ किंवा ‘आयुष्यभर’ असं रडताना निघून गेलेलं वाक्य पुढे वर्षानुवर्षं भीती होऊन बसतं.

मुंबईत किंवा परदेशात राहणारे गावच्या काकांना फोन करून कौल लावायला सांगतात. तेव्हा प्रश्न दोन तोंडांतून जातो आणि दोनदा बदलतो. वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि काकांना एवढंच विचारा: काय विचारलं गेलं आणि कुठली पाकळी पडली. त्यांनी लावलेला अर्थ दोन दिवसांनी ऐका.