मृगाच्या आधी बांधासाठी झाडांचं बी गोळा करा, गायरानात मात्र गवत वाढू द्या

शेतकरी मंडळी, मृग तोंडावर आलाय, सगळ्यांची धावपळ सोयाबीन-कपाशीच्या बियाण्यासाठी चाललीय आणि ते बरोबरच आहे, पण याच दिवसांत आपल्या गावठी झाडांचं बी झाडाखाली फुकट पडलेलं असतं, ते आत्ता नाही उचललं तर थेट पुढच्या वर्षी. पाऊस आता कसा येतोय ते बघताय ना, तीन-तीन आठवडे उघडीप आणि मग एका रात्रीत बांध फोडून माती ओढ्यात. ती माती मुळंच धरून ठेवतात.

निंबोळी पिवळी झाली की गोळा करा, गर धुऊन काढा आणि बी सावलीत सुकवा, उन्हात नको. कडुनिंबाचं बी फार टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत जमिनीत गेलंच पाहिजे. जांभळाचं तर खाल्लं की लगेच लावा. करंजाचं बी रात्रभर पाण्यात भिजवलं तरी पुरतं.

बाभळीचं बी कठीण कवचाचं असतं, त्यासाठी शेळ्यांचा वाडा गाठा. शेळ्या दिवसा शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना बी तोंडातून टाकतात, सकाळी वाडा झाडताना ते वेचून ठेवायचं, असं बी चांगलं उगवतं, फक्त पेरायच्या आधी दिवसभर भिजवा.

शक्य असेल तिथे रोपापेक्षा बी थेट टोकलेलं बरं. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गोल फिरलेलं असतं, ते पुढे खोल जात नाही आणि उन्हाळ्यात झाड माना टाकतं. चांगला पाऊस होऊन वाफसा आला की एका जागी दोन-तीन बिया टोका आणि भोवती बोराटीचे काटे रोवा, नाहीतर शेळ्या ठेवणार नाहीत.

बांधावर रामकाठी बाभूळ लावा, ती सरळ वाढते, पिकावर सावली कमी पडते आणि मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळतो. पण शेजाऱ्याशी आधी बोला, झाडाच्या सावलीवरून बांधाची भांडणं आपल्याकडे कमी नाहीत. नर्सरीवाला नीलगिरी देत असेल तर नको म्हणा, तिच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, सावली-चारा काहीच नाही.

आता गायरानाचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुरमाड माळ दिसला की लगेच खड्डे घेऊन झाडं लावायची घाई करू नका. माळ म्हणजे पडीक जमीन नाही, तो गवताचाच आहे, आपली गुरं आणि मेंढरं त्यावरच जगलीत, तणमोर पक्षी नि लांडगा पण तिथलेच. तिथे मारवेल, पवन्या, डोंगरी गवत येऊ द्या. मारवेलचे ठोंब चांगल्या पावसात लावता येतात, बाकी गवतांचं बी दिवाळीच्या आसपास पिकतं तेव्हा गोळा करून ठेवायचं. गवताची मुळं माती घट्ट धरतात आणि पाणी मुरवतात.

हे एकट्याने होत नाही. गायरान गावाचं असतं, म्हणून पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव घ्या, सगळ्या गायरानावर एकदम नको, एक तुकडा दोन वर्षं बंद ठेवा आणि बाकीचा चरायला मोकळा राहू द्या, नाहीतर ज्याला स्वतःची जमीन नाही त्याने शेळ्या न्यायच्या कुठे? ठराव करताना मेंढपाळ आणि भूमिहीन घरातली माणसं बैठकीत पाहिजेतच, त्यांना वगळून केलेली बंदी चार महिने पण टिकत नाही. हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली ती पण गावाने मिळून ठरवून, गुरं आत सोडायची नाहीत आणि गवत विळ्याने कापून न्यायचं.

बांधावरचे खड्डे आणि लागवडीची कामं रोजगार हमीतून बसवता येतात, ग्रामसेवकाला आत्ताच विचारून ठेवा. बंद तुकड्यातलं गवत मात्र बी पडायच्या आधी कापू नका, आणि कापाल तेव्हा जमिनीपासून चार बोटं वर.