स्टीलचा स्ट्रॉ बाहेरून लख्ख, आतून कुबट? या चुका टाळा

स्टीलचा स्ट्रॉ एकदा नाकाशी धरून बघा. बाहेरून कितीही चकचकीत असला, तरी आतून शिळ्या ताकाचा वास येत असेल तर तो धुतलेला नाही, नुसता भिजवलेला आहे.

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली. कागदी स्ट्रॉ लस्सी अर्धी व्हायच्या आत लिबलिबीत होतो. मग घरोघरी स्टीलचे स्ट्रॉ आले, पण ते धुवायची पद्धत मात्र वाटी-चमच्याचीच राहिली. सहा-आठ मिलिमीटरच्या नळीत ना बोट शिरतं ना घासणी, सगळी गोची तिथंच आहे.

खरकटा स्ट्रॉ सुकू देणं

आपल्याकडं बऱ्याच गावांत नळ चार-आठ दिवसांनी येतो. खरकटी भांडी साठवून एकदम घासायची सवय त्यातूनच लागली. पातेल्याला ते चालतं, स्ट्रॉला नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की मोसंबीचा चोथा किंवा आमरसाचा दाट थर नळीच्या आत बघता बघता वाळतो. मग पाणी वाचवायच्या नादात उलट दुप्पट पाणी जातं.

पिऊन झाल्या झाल्या रिकाम्या ग्लासात थोडं पाणी घ्या, स्ट्रॉ त्यात बुडवा, वरचं टोक बोटानं दाबून उचला आणि बोट सोडा. नळीतलं पाणी खाली धावताना सुटा चोथा घेऊन जातं. तीन-चारदा केलं की पुरे. साबण नंतर लागला तरी चालतो.

दूध, लस्सी, मिल्कशेक असेल तर हे पहिलं पाणी थंडच हवं. कढत पाणी ओतलं की दुधातली प्रथिनं आतच गोठून भिंतीला धरतात. कढत पाणी साबणासोबत, दुसऱ्या फेरीला. सायीचा ओशटपणा त्यानंच सुटतो.

ब्रश आहे, पण घासतच नाही

जाड स्ट्रॉला बारीक ब्रश घातला तर त्याचे केस भिंतीला टेकतच नाहीत. ब्रश किंचित अडकत आत गेला पाहिजे. वाकडा स्ट्रॉ असेल तर दोन्ही टोकांकडून घाला आणि वळणापाशी फिरवत पुढंमागं करा, कारण चोथा तिथंच धरून बसतो. सरळ स्ट्रॉ ट्यूबलाइटकडं धरून आरपार बघता येतो. वाकड्यासाठी साधी युक्ती अशी, की पांढऱ्या वाटीत स्वच्छ पाणी घ्या आणि आत फिरवलेला ब्रश त्यात झटका. पाणी गढूळलं तर अजून काम बाकी आहे.

टोकाला सिलिकॉनचं टोपण असेल तर ते दर वेळी काढून धुवा. वास पुष्कळदा त्याच्याखालून येतो.

नळीत तांबूस डाग दिसले की लोक स्टीलला नावं ठेवतात. आधी ब्रश तपासा. ओला ब्रश तसाच डब्यात टाकला की त्याची साधी तार गंजते आणि तोच गंज आत लागतो. तारेच्या घासणीचंही तसंच, बारीक कण मागं राहतात आणि गंजतात.

पांढरा थर म्हणजे घाण नव्हे

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. हीटरच्या कॉइलवर बसतो तोच थर नळीतही बसतो. साबणानं तो हटत नाही, खायच्या सोड्यानंही नाही. त्याला आंबट हवं. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व किंवा एका लिंबाचा रस टाकून स्ट्रॉ पंधरा-वीस मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा, मग ब्रश फिरवून साध्या पाण्यानं धुवा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा उपाय मोबाइलवर फार फिरतो. फेस बघायला छान, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि उरतं जवळपास साधं पाणीच. ओशटपणाला सोडा आणि क्षाराला लिंबू, वेगवेगळ्या वेळी वापरा.

आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात स्ट्रॉ रात्रभर ठेवायचं तर नावच नको. क्लोरीनमुळं स्टेनलेस स्टीललाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर तर चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. जंतूंची धास्ती असेल तर धुतलेला स्ट्रॉ पातेल्यात दहा मिनिटं उकळा. सिलिकॉनचं टोपण मात्र आधी काढून ठेवा.

ओला स्ट्रॉ पिशवीत

सोबत मिळालेली कापडी पिशवी दिसायला झकास, पण कुबट वासाचं माहेरघर तेच. धुतला की झटका आणि कोरड्या पेल्यात उभा ठेवा. उन्हाळ्यात काम लवकर होतं, श्रावणात रात्रभर लागेल. ती पिशवीही अधूनमधून धुवायची असते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

एवढं करूनही वास जात नसेल तर आत खड्डे पडले आहेत का ते बघा. टोकंही तपासा, कापसाचा बोळा दोन्ही कडांवरून फिरवा. तंतू अडकले तर कड खरखरीत झाली आहे. खड्डे पडलेला किंवा खरखरीत कडेचा स्ट्रॉ लेकरांच्या हातात देऊ नका, भंगारात घाला.